आतली कडी

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी डबा खाते. घास तोंडात होता आणि एक बाई आत आली. कोटावरचा ब्रोच ओरबाडून काढून तिने काउंटरवर टाकला आणि बोट चोखत म्हणाली, "टोचतो हो मेला. रोज टोचतो. पिन नीट करून मिळेल का?" मी घास गिळला, हात पुसले आणि बघितलं, तर समोर एक कडी पडली होती. दाराला आतून लावायची कडी, कोयंड्यात अडकवलेली, जेमतेम अंगठ्याएवढी, कथलात ओतलेली. मी ती ओळखली, कारण ती मी केली होती. चांदीत केली होती आणि एकच केली होती. जिच्यासाठी केली ती हे शहर सोडून गेली त्याला आता वर्ष होत आलं.

दागिना हातात आला की आधी उलटा करायचा, ही आमच्या घरची सवय. बाबा सोनार, आजोबा सोनार. बाबा म्हणायचे, पुढून सगळेच हसतात, मागून बघ म्हणजे घडवणारा कसा आहे ते कळेल. मी ब्रोच उलटा केला. ब्रोचच्या पाठीला एका बाजूला पिनेची बिजागरी असते आणि दुसऱ्या बाजूला पिन अडकवायचा आकडा. कुठली बाजू कुणाची हे ठरलेलं असतं, कारण जग उजव्या हाताचं आहे. इथे बिजागरीच्या जागी आकडा होता आणि आकड्याच्या जागी बिजागरी. असं कुणी करत नाही, झोपेतसुद्धा करत नाही. मी केलं होतं, मुद्दाम, कारण ती डावखुरी होती. नक्कल करणाऱ्याने चेहऱ्याबरोबर चामखीळही उतरवून घेतली होती. म्हणजे ही नक्कल फोटो बघून केलेली नव्हती. मूळचा ब्रोच कुणीतरी हातात घेऊन, पाठीवर वळवून, निवांत बघितला होता.

"सगळ्यांचे असेच आहेत," बाई म्हणाली. "त्या लॉन्ड्रीच्या वरच्या हॉलमध्ये वाटतात. मोर्चाला जायचं तर छातीवर हवा ना. पण एकीचाही नीट लागेल तर शपथ."

"उद्या दुकान बंद आहे. परवा या," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण जरा लांबून आल्यासारखा वाटला.

ती गेल्यावर मालक आतून आले, ब्रोचकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. "हे मोर्चावाल्यांचं लचांड आपल्याकडे नको हं." मालक वाईट नाहीत. माझा या देशात राहायचा परवाना त्यांच्या सहीवर चालतो आणि हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलेलं नाही, ही त्यांची मोठीच सभ्यता. मी म्हटलं, "नुसती पिन वाकडी आहे." ते म्हणाले, "मग ठीक." मी ब्रोच रुमालात गुंडाळला आणि ड्रॉवरमध्ये न ठेवता खिशात ठेवला.

दुपारभर मी एका म्हाताऱ्या गृहस्थांची अंगठी मोठी करत होते. बोट सुजलेलं, अंगठी कापून काढलेली. मध्ये सोन्याचा तुकडा घालून, झाळ देऊन जोडायची होती. हे काम मला डोळे मिटून येतं, म्हणून डोकं मोकळं राहिलं, आणि मोकळं डोकं हे माझं नेहमीचं दुखणं आहे. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती, की तिने तो दिला. माझ्याकडून घेताना म्हणाली होती, "मेले तरी काढणार नाही." मी म्हटलं होतं, "आंघोळीला काढ, चांदी काळी पडेल." आणि आता तो कुणाच्या तरी हातात, साच्यात, कथलात, रस्त्यावरच्या प्रत्येक कोटावर. माणूस दागिना दोनच कारणांनी अंगावेगळा करतं, एक तर गरज असते नाहीतर त्याचा कंटाळा आलेला असतो. तिला गरज असती तर तिने मला सांगितलं असतं, असं मला वाटत होतं. मग दुसरं कारण उरत होतं, आणि त्याच्याकडे मी वर्षभर पाठ करून बसले होते.

मी तिला डावरी म्हणायचे. "अगं डावरे" म्हटलं की ती खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून ओ द्यायची. कोपरे तरी किती होते म्हणा. ती वृद्धाश्रमात कामाला होती. म्हाताऱ्यांना उचलायचं, पुसायचं, भरवायचं, आणि त्यांची तीच ती गोष्ट पुन्हा पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायची. आम्ही दोघी एकाच मुलखातल्या, पण तिकडे असतो तर कधी भेटलो नसतो. इथे भेटलो ते भाजीच्या दुकानात, कारण दोघींनी एकदम एकाच जुडीला हात घातला आणि आमचे हात आदळले, तिचा डावा, माझा उजवा. नंतर ती म्हणायची, उजवी असतीस तर आपण समोरासमोर आलोच नसतो. मी म्हणायचे, उजवीच आहे मी. ती म्हणायची, तेच ते, वाद घालू नकोस.

आमच्या खोलीला आधी आतून कडी नव्हती. घरमालकीण खाली राहायची आणि दार न वाजवता आत यायची. कधी टपाल घेऊन, कधी नळ बघायला, बहुतेक वेळा नुसतीच. आम्ही दोन बाजूंना दोन उश्या ठेवून, मध्ये पाहुण्यासारखी जागा सोडून झोपायचो. मग एका सुट्टीच्या दिवशी डावरी बाजारातून कडी-कोयंडा घेऊन आली. मी म्हटलं, मला दे, माझं हत्यारांचं काम आहे. ती म्हणाली, "तू दागिने कर. दार माझं." डाव्या हाताने स्क्रू पिळून तिने कडी बसवली ती इतकी वाकडी, की लावताना दार खांद्याने उचलावं लागायचं. तिने कडी लावली, दाराला पाठ टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, "आता ये म्हणावं कुणाला यायचंय ते." जन्मात पहिल्यांदा मी कुणाच्या पावलांकडे कान न देता कुणाला जवळ घेतलं. आई-बाबांच्या घरात नाही, हॉस्टेलमध्ये नाही, आणि इथे येऊनही तोवर नाही. लोकांना स्वातंत्र्य म्हटलं की उघडी दारं आठवतात. मला लावलेलं दार आठवतं.

ती मोर्चांना जायची. मी जात नसे. ते आमच्यात वाटून घेतलेलं काम होतं, जसं तिने भांडी घासायची आणि मी पुसायची. माझा परवाना सहीवरचा, आणि मुळात गर्दीत माझा आवाज फुटत नाही. ती म्हणायची, "तू घडव. मी घालून फिरते." मग मी घडवायचे. परवान्याच्या कचेरीत नंबर लागेपर्यंत जे प्लास्टिकचे बिल्ले हातात देतात ते आमच्याकडच्या बायांनी परत न करता जमवून आणले, आणि मी त्यांचा गळ्यातला हार केला, चांदीच्या कड्यांनी गुंफून, चांगला घसघशीत, लग्नातल्यासारखा. तो घालून ती पहिल्या रांगेत चालली. दुसऱ्या दिवशी पेपरात तिच्या गळ्याचा फोटो आला. चेहरा कापलेला, हार पुरा. खाली छापलं होतं, कारागीर अज्ञात. डावरी तो पेपर घेऊन खोलीभर नाचली. "बघ, प्रसिद्ध झालीस!" मी म्हटलं, "अज्ञात म्हणून." ती म्हणाली, "अगं, सोनारानेच कान टोचावे लागतात. आपण नुसतं ओरडलो तर कोण ऐकतंय?" मला त्या हाराचा अभिमान वाटला होता. बाबांनी मला कधी झाळ द्यायला शिकवलं नाही. पोरीच्या हातावर भाजल्याचे डाग दिसले तर लग्न कसं व्हायचं म्हणायचे. दादाला शिकवलं, त्याने ते सोडून मोबाइलचं दुकान टाकलं. मी बघून बघून शिकले. माझ्या हातावर आता भरपूर डाग आहेत आणि बाबांची भीती अगदीच खोटी ठरली नाही.

मग नवा नियम आला. परवाना संपलेल्या माणसाला घरच्या माणसाच्या परवान्यावर राहता येईल. घरचं माणूस म्हणजे नवरा, बायको, मूल, आई, बाप. तिचा वृद्धाश्रम बंद झाला त्याच सुमाराला, आणि त्याबरोबर तिचा परवानाही गेला. आम्ही दोघी कचेरीत गेलो. काचेमागचा माणूस तरुण होता, दमलेला होता, वागायला नम्र होता. त्याने विचारलं, नातं काय. डावरी म्हणाली, "एका घरात राहतो. एका ताटात जेवतो. ही आजारी पडली की मी जागते. मी रागावले की ही रडते. याला तुमच्याकडे काय म्हणतात?" तो म्हणाला, "भाडेकरू." तो हसला नाही, म्हणून मला जास्त लागलं. त्या आठवड्यात मी कडी घडवली. आमच्या दारावरचीच, तशीच वाकडी, लावलेली, आणि पाठीवर पिन तिच्या हाताच्या बाजूने. तिने ती छातीवर लावली तेव्हा बोटं वळून एका झटक्यात पिन आकड्यात गेली. असं एका झटक्यात तिचं कधीच काही लागायचं नाही, कात्री नाही, डबा उघडायचं यंत्र नाही, कोटाची बटणं नाहीत. ती नुसती हसली आणि पुन्हा काढून पुन्हा लावली, मग पुन्हा, खेळणं मिळाल्यासारखी.

गेली त्या सकाळी ती म्हणाली, "विमानतळावर येऊ नकोस. आणि फोन मी करीन. तू करू नकोस, माझ्या दादाच्या घरी एकच फोन, वहिनी उचलते." मी खिडकीत उभी राहिले. ती कोपऱ्यावर वळली, वळून बघितलं नाही. फोन आला नाही. मी पुष्कळ धीर धरला आणि मग एकदा केला. वहिनीने उचलला. "ती इथे नाही," म्हणाली आणि ठेवला. ती इथे नाही म्हणजे तिला बोलायचं नाही, किंवा तिला बोलू देत नाहीत, किंवा तिचं लग्न लावून दिलं. रोज मी यातलं एक निवडायचे आणि दुसऱ्या दिवशी बदलायचे. कचेरीची माणसंही दोनदा खोलीवर येऊन गेली, डावरी खरंच गेली का बघायला. मी म्हटलं, गेली. मला वाटतं माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी पलंगाखाली वाकूनसुद्धा बघितलं नाही.

ब्रोच दुकानात आला त्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला. आईचे फोन एकाच साच्यातले. जेवलीस का, थंडी किती आहे, दादाचा मुलगा काय म्हणाला. डावरी होती तेव्हा एक प्रश्न जास्त असायचा, "ती मैत्रीण बरी आहे ना?" न विचारण्यात आईचा हातखंडा आहे, सगळं माहीत असल्याशिवाय इतकं नेमकं न विचारणं जमत नाही. वर्षभरात तिने मैत्रिणीचं नाव काढलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मध्येच थांबून म्हणाली, "एकटीच जेवतेस का गं अजून?"

"हो."

"दोन घास जास्त खात जा मग," आई म्हणाली. "एकटं माणूस कमी जेवतं."

फोन ठेवल्यावर मी खूप रडले. आईने सरळ विचारलं असतं तर मी सरळ खोटं बोलले असते आणि दोघी सुटलो असतो. रडून झाल्यावर रुमाल सोडून ब्रोच दिव्याखाली धरला. ओतकाम ओबडधोबड होतं, कडा कानसेने घासलेल्याच नव्हत्या. पण कडीचा वाकडेपणा तंतोतंत होता, डाव्या हाताने पिळलेल्या स्क्रूचा. रेडिओवर कुणी प्राध्यापक सांगताना मी ऐकलं होतं, की मोर्चातली ती कडी म्हणजे बंद सरहद्द, बंद मनं, वगैरे. लोक घोषणा द्यायचे, कडी काढा, दार उघडा. दुकानाच्या काचेतून मी त्या लांबून ऐकल्या होत्या, पण ती कडी माझीच असेल असं ध्यानीमनी नव्हतं. लोकांच्या छातीकडे मी कधी बघत नाही. आपलं एवढंसं खासगी सुख उचलून लोकांनी त्याचा उलटा अर्थ लावावा आणि आपण त्याबद्दल तक्रारही करू नये, असं ते होतं. अरे बाबांनो, ती बाहेरून घातलेली कडी नाही, आतून लावलेली आहे, हे कुणाला सांगणार? आणि सांगायला लागले तर पुढचं काय काय सांगावं लागेल?

सकाळी मी लॉन्ड्रीच्या वरच्या हॉलमध्ये गेले. जिना ओल्या कपड्यांच्या वाफेने घामेजलेला होता. मी दोनदा परत फिरले. मला डावरीबद्दल विचारायचं होतं आणि उत्तर नको होतं. दार उघडंच होतं. लांब टेबलांवर पुठ्ठे, रंग, फलक. एका कोपऱ्यात गॅसची शेगडी, तिच्यावर पळीत कथील वितळत होतं, आणि शेगडीशी चष्मा कपाळावर चढवलेली एक वयस्क बाई. आमच्याकडचीच, पण इथे जन्म काढलेली. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत होते. शाळेत हस्तकला शिकवायची म्हणे. आजूबाजूला बायकाच जास्त, दोनचार पुरुष. कुणी आमचे, कुणी इथले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. त्यामुळेच आत जाता आलं.

मी ब्रोच पुढे केला. "याचा मूळचा कुठून आणलात?"

मास्तरीणबाईंनी पळी खाली ठेवली. चष्मा डोळ्यांवर घेतला, मला पायापासून वरपर्यंत बघितलं. "कोण विचारतंय?"

"जिचा होता तिला मी ओळखते."

"तिला ओळखणारे पुष्कळ येऊन गेलेत. काही बूट घालून, काही वह्या घेऊन. तुम्ही कोण तिच्या?"

मैत्रीण म्हणणार होते, शब्द जिभेवर तयार होता, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेला. एका खोलीत राहायचो, हाही तयार होता. पण त्या काचेमागच्या तरुण माणसाचा नम्र चेहरा आठवला आणि एकदम संताप आला. त्याचा आला, डावरीचा आला, आईच्या त्या दोन घासांचा आला. "घरची," मी म्हटलं. "मी तिची घरची."

हॉलमध्ये कुणाचं काही थांबलं नाही. बायका रंग लावत होत्या. मास्तरीणबाई मात्र माझ्या हातांकडे बघत राहिल्या, भाजल्याच्या डागांकडे. मग त्यांनी शेगडी बंद केली आणि एक स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. "बसा," त्या म्हणाल्या. "किती वाट बघायला लावलीत हो."

"कुणाला?"

"तिला. ती गेलीच नव्हती."

मला वाटतं मी बसले असेन, कारण पुढचं मी बसून ऐकल्याचं आठवतं. बॅग घेऊन डावरी कोपऱ्यावर वळली ती सरळ इथे आली होती. हॉलमागच्या खोलीत राहत होती, दिवसा बाहेर पडत नव्हती. इथेच बसून कथील ओतत होती. मोर्चाच्या दिवशी मात्र कुणाचं ऐकायची नाही, तोंडाला फडकं बांधून जायची. आमच्या खोलीपासून हा हॉल चालत येण्याच्या अंतरावर आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तिकडे मुलखात फोन करून तिच्या वहिनीला विचारत होते आणि ती दोन गल्ल्या पलीकडे पळी ढवळत होती.

"मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं. मास्तरीणबाईंवर ओरडलेच.

"लपवणाऱ्याचाही परवाना जातो, माहीत आहे ना? ती म्हणायची, तिला खोटं बोलता येत नाही, चेहऱ्यावर दिसतं. माणसं विचारायला येतील तेव्हा तिला खरंच माहीत नसू दे." बाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "ब्रोच ओतायची कल्पना तिचीच. मी म्हटलं, पिन चुकीच्या बाजूला आहे, साच्यात बदलून टाकते. तर अंगावर आली माझ्या. म्हणाली, हात लावायचा नाही. बाकी सगळ्यांना टोचू दे. ज्या बाईला कळायचं तिला एका नजरेत कळेल, ती दागिना आधी उलटा करते. एवढे वाटू आपण, की तिच्या टेबलावर एक तरी येईल."

"आला," मी म्हटलं. "काल आला."

मास्तरीणबाईंनी माझा हात धरला. त्यांचा हात कथलाने राखाडी झालेला होता. "गेल्या महिन्यात पुलावरच्या मोर्चात धरली तिला. दोन दिवसांत पाठवून दिली. मूळचा ब्रोच कोटावरच होता. आता कुठे आहे ते आम्हालाही कळलेलं नाही. भावाकडे गेली नाही एवढं कळलंय."

मला वाटलं होतं, तिने मला सोडलं. सोडलं नव्हतं. वर्षभर ती मला हाका मारत होती, शेकडो कोटांवरून, आणि मी डबा खात होते. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण त्या बरं वाटण्याला बसायला जागाच नव्हती. सोडून गेलेल्या माणसावर रागावता येतं, संध्याकाळ निघते. वाट बघून गेलेल्या माणसाचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

मास्तरीणबाईंनी मला पाणी दिलं. मग, शिक्षिकाच त्या, माणसाला नुसतं बसू देणं त्यांना जमत नाही, म्हणून म्हणाल्या, "आता तुम्ही भेटलात. निरोप पोचला. मग साचा दुरुस्त करून द्याल का? तुमच्याइतकं नीट आम्हाला जमणार नाही. परवा मोठा मोर्चा आहे आणि सगळ्या बायका बोटं चोखत फिरतायत."

म्हणणं बरोबर होतं. मी साचा हातात घेतला. दोन भाग, आत कडीची पोकळी, पाठीवर बिजागरीचा खळगा. अर्ध्या तासाचं काम होतं. मी तो परत टेबलावर ठेवला.

"नाही," मी म्हटलं. "राहू दे."

"अहो, पण लोकांना लावता येत नाही!"

"डाव्या हाताने लावला तर येतो."

"मग सांगा त्यांना," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि टाळी वाजवली. "ए, इकडे बघा गं सगळ्या. ही आपल्या कडीची कारागीर. कशी लावायची ते दाखवणार आहे."

सगळ्यांनी माना वळवल्या. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लोकांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी उठून उभी राहिले, ब्रोच छातीशी धरला, पिन डाव्या हातात घेतली. आणि मला जमेना. मी तो तिच्या हाताच्या मापाने केला होता, समोर बसून, तिची बोटं बघून बघून. स्वतः कधी एकदाही लावला नव्हता. पिन निसटली, कापडात घुसली, बोटात घुसली. रक्ताचा थेंब आला. "कारागीरच ना नक्की?" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, सासरी आलेल्या नवीन सुनेची पहिली भाकरी करपली की हसतात तसं हसल्या. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मला बोटही दिसत नव्हतं.

मागच्या खुर्चीवर कोटाची बाही अर्धी घातलेली एक थोराड बाई होती. बस चालवायची ती. ड्युटीवर निघाली होती. ती म्हणाली, "कशाला एवढं हसताय? मला नाही कधी टोचला. मला वाटायचं तुम्ही उगाच कुरकुर करता." आणि खिशातून आपला ब्रोच काढून, चालता चालता, खाली न बघता, डाव्या हाताने कोटावर धरून बोटं वळवली. टक् असा बारीक आवाज झाला. एका झटक्यात.

ती दाराकडे निघाली होती. मी टेबलांमधून धावत जाऊन तिची वाट अडवली.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काढा तो," मी म्हटलं.

"का? चुकलं काही?"

"काढा," मी म्हटलं. "आणि परत लावा. एकदाच. परत लावून दाखवा."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता काढला. बोटं वळली, टक् झालं.

"परत," मी म्हटलं.